आतड्यातील जंतू आणि वार्धक्यातील बुद्धी

टॉल्स्टॉयची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही दीर्घकथा १८८६ साली प्रसिद्ध झाली. चारचौघांसारखा संसार करणारा, सुस्थितीतला एक न्यायाधिकारी अंथरुणास खिळतो; आणि माणूस मर्त्य आहे हे पाठ असूनही आपण स्वतः मरणार ही गोष्ट त्याच्या गळी उतरत नाही. एवढेच तिचे कथानक. या कथेचा नायक टॉल्स्टॉयने सर्वस्वी कल्पनेतून घडविलेला नव्हता. तूला येथील न्यायालयात इव्हान इलिच मेचनिकॉफ या नावाचा एक सरकारी वकील होता; तो १८८१ साली वारला आणि त्याच्या अखेरच्या दिवसांची हकीकत टॉल्स्टॉयच्या कानी आली, तिच्यातून ही कथा जन्मास आली. मरणाऱ्याच्या उशाशी त्याचा धाकटा भाऊ बसून होता. प्राणिशास्त्राचा प्राध्यापक असलेल्या या भावाचे नाव इल्या मेचनिकॉफ. एकाच मृत्यूतून दोघांनी दोन गोष्टी घेतल्या असे म्हटले तर ते फारसे चूक होणार नाही. टॉल्स्टॉयने मृत्यूच्या भयाचे साहित्य केले. धाकट्या मेचनिकॉफने पुढे वार्धक्य आणि मरण यांचे शास्त्र करण्याचा ध्यास घेतला.

या दुसऱ्या उद्योगाची कथा आज सांगावीशी वाटण्याचे कारण असे की, आतड्यातील सूक्ष्म जंतूंचा म्हातारपणीच्या मेंदूशी संबंध असतो, हे विधान अलीकडे वृत्तपत्रांतून वारंवार आणि जणू कालच सुचल्यासारखे वाचावयास मिळते. आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण वयाला बोल लावून मोकळी होते. घरातील वडीलधारी माणसे तर हातपाय थकले तरी चालतील, पण डोके शाबूत राहो, एवढेच देवापाशी मागताना आपण ऐकतो. बुद्धी नाठी होण्याचा दोष वयाचा नसून पोटातील जंतूंचा आहे, असे मेचनिकॉफने एकशेवीस वर्षांपूर्वीच सांगितले होते. त्याचे काय झाले, हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. त्यापायी माणसांचे जीव गेलेले आहेत.

मेचनिकॉफचा जन्म १८४५ साली खारकोव्हच्या परिसरात झाला. तारुण्यात तो कट्टर निराशावादी होता. पहिली पत्नी १८७३ साली क्षयाने गेली, त्यानंतर आणि पुढे पुन्हा एकदा त्याने आपले जीवन संपविण्याचा प्रयत्न केला व दोन्ही वेळा तो बचावला. त्याच्या आयुष्याला वळण लागले ते १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे. तारामाशाच्या पारदर्शक पिलांच्या अंगात त्याने गुलाबाचे बारीक काटे टोचले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला त्याला दिसला. शरीरात शिरलेल्या शत्रूला गिळून टाकणाऱ्या या ‘भक्षक पेशी’ हा त्याचा जन्माचा विषय झाला. १८८८ साली पाश्चरने त्याला पॅरिसच्या आपल्या नव्या संस्थेत जागा दिली. तो अखेरपर्यंत तेथेच राहिला. १९०८ सालचे नोबेल पारितोषिक त्याला पॉल एर्लिखसमवेत मिळाले, ते याच कामाबद्दल. (महाराष्ट्राशी त्याचा एक दूरचा धागा जुळतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला असता ज्याने तेथे राहून लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःस टोचून घेतली, तो वाल्डेमार हाफकिन हा ओडेसा येथील त्याचा विद्यार्थी.)

पन्नाशी उलटल्यावर या शास्त्रज्ञाची दृष्टी शत्रूवरून शिपायांकडे वळली. भक्षक पेशी परक्यांना गिळतात हे खरे. पण त्या घरच्यांनाही गिळू लागल्या तर? म्हाताऱ्या माणसाचे केस पांढरे होतात ते भक्षक पेशी केसातील रंगद्रव्य पळवून नेतात म्हणून, असे त्याने प्रतिपादन केले. अतिवृद्धांच्या मेंदूचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करताना मज्जापेशींना वेढून बसलेल्या काही पेशी त्याला दिसल्या. त्या मज्जापेशींचे भक्षण करीत आहेत आणि वृद्धाच्या स्मृतीचा व बुद्धीचा ऱ्हास हा या भक्षणाचा परिणाम आहे, असा अर्थ त्याने लावला. शिपाई बेभान का झाले, याचे उत्तर त्याला मोठ्या आतड्यात सापडले. तेथे कोट्यवधी जंतू अन्नाचा उरलासुरला भाग कुजवितात. त्या कुजण्यातून फिनॉल, इंडोल, क्रेसॉल यांसारखी विषे निपजतात. ती रक्तात मिसळून मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांच्या नाजूक पेशी दुबळ्या करतात. आणि दुबळे झालेले ते सावज भक्षक पेशींना आयते मिळते. १९०३ साली ‘मानवी प्रकृतीचा अभ्यास’ या अर्थाच्या नावाचा त्याचा ग्रंथ निघाला. वार्धक्याच्या शास्त्राला ‘जेरोन्टॉलॉजी’ हे नाव दिले तेही त्यानेच.

या उपपत्तीची बांधणी मोठी डौलदार होती हे मान्य केले पाहिजे. सस्तन प्राण्यांना एवढे मोठे आतडे कशासाठी? शत्रूपासून पळताना किंवा भक्ष्याचा पाठलाग करताना मलविसर्जनासाठी थांबावे लागू नये, म्हणून निसर्गाने दिलेली ती कोठी, असे तो म्हणे. माणसाला आता पळावयाचे नसल्यामुळे ती कोठी निरुपयोगी, इतकेच नव्हे तर घातक झाली आहे. पोपटासारख्या पक्ष्यांचे मोठे आतडे अगदीच आखूड, आणि ते शरीराच्या मानाने फार वर्षे जगतात, हा त्याचा पुरावा. आमच्या मते त्याची सर्वांत मोठी चूक येथे आहे, आणि ती या ‘निरुपयोगी’ शब्दात आहे. एखाद्या इंद्रियाचे प्रयोजन आपणांस उमगले नाही, याचा अर्थ ते नाही असा होत नाही. पालेभाज्या, कोंडा, डाळींची साले असे जे आपल्या पाचकरसांना दाद देत नाही, ते याच कोठीत जंतू आंबवितात आणि त्यातून ब्युटिरिक आम्लासारखी जी आम्ले तयार होतात त्यांवर आतड्याच्या अस्तराचे पोषण चालते. मेचनिकॉफला कुजणे दिसले. आंबणे दिसले ते फक्त दुधाच्या भांड्यात.

ते भांडे मात्र जगप्रसिद्ध झाले. दूध विरजले की नासत नाही. विरजणातील जंतू आम्ल तयार करतात आणि कुजविणाऱ्या जंतूंना त्यात थारा मिळत नाही. जे भांड्यात घडते ते आतड्यात का घडू नये? १९०४ सालच्या जून महिन्यात पॅरिस येथे त्याने वार्धक्यावर व्याख्यान दिले, त्यात बल्गेरियातील खेडुतांच्या आंबट दुधाचा आणि त्यांच्या दीर्घायुष्याचा उल्लेख होता. पुढल्या वर्षी जिनीव्हात शिकणाऱ्या स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने त्या दह्यातील दंडाकार जंतू शोधून काढला. मग काय विचारता! पॅरिसमधील लोक दह्यामागे लागले, औषधविक्रेत्यांनी जंतूंच्या गोळ्या काढल्या, आणि व्याख्यात्याने घातलेल्या मर्यादा जाहिरातींत कोठेच उरल्या नाहीत. दही म्हणजे अमृत असे आपण म्हटलेले नाही, हे मेचनिकॉफला पुन्हा पुन्हा सांगावे लागले. मराठी वाचकांस या साऱ्याची मौज वाटेल. ज्यांच्या घरी विरजण पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे त्यांना दह्याचा शोध लागल्याची बातमी ऐकून काय वाटावे? परंतु शतायुषी माणसांची संख्या दह्याच्या घराघरांत वाढत असती, तर आपल्याकडे ती केव्हाच डोळ्यांत भरली असती. हा साधा आक्षेप पॅरिसमध्ये कोणाच्या मनात आला नाही.

१९०९ सालच्या मे महिन्यात मेचनिकॉफ टॉल्स्टॉयच्या भेटीस यास्नाया पोल्याना येथे गेला. यजमान ऐंशी वर्षांचा, पाहुणा चौसष्टचा. मृत्यूचे भय विज्ञान घालवील, आयुष्य पूर्ण जगलेल्या माणसाला दिवसअखेर झोप यावी तशी मरणाची ओढ आपोआप लागेल, असे पाहुण्याचे मत. विज्ञान जगावे कसे हे सांगू शकत नाही, असे यजमानाचे. दोघांत मतैक्य झाले नाही. आम्हांस ही भेट महत्त्वाची वाटते, ती त्यातील संवादापेक्षा त्या वडील भावाच्या मृत्यूच्या सावलीमुळे. पुढे १९१६ साली, एकाहत्तराव्या वर्षी, हृदयविकाराने मेचनिकॉफचे पाश्चर संस्थेतच निधन झाले. अनेक वर्षे तो नियमाने आंबट दूध घेत होता. आपल्या देहाचे विच्छेदन करताना आतडी नीट तपासावी, असे त्याने सहकाऱ्यास बजावून ठेवले होते. त्याची रक्षा संस्थेच्या ग्रंथालयात ठेवलेली आहे.

दह्याचे खूळ निरुपद्रवी होते. त्याच्या शेजारी वाढलेले दुसरे खूळ तसे नव्हते. पोटातील मळापासून अंगात विष भिनते, ही कल्पना पॅरिसच्या शार्ल बुशारने १८८७ पासूनच ‘आत्मविषबाधा’ या अर्थाच्या नावाने रूढ केली होती. मेचनिकॉफने मोठे आतडे निरुपयोगी ठरविल्यावर तिला मोठ्या शास्त्रज्ञाचे पाठबळ लाभले. लंडनचा नामांकित शस्त्रवैद्य आर्बथनॉट लेन हा नुसत्या बद्धकोष्ठासाठी रोग्यांची मोठी आतडी कापून काढू लागला. अमेरिकेत न्यू जर्सी संस्थानातील ट्रेंटन येथील मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन याने तर कळस केला. वेड हे शरीरात दडून बसलेल्या जंतूंच्या विषामुळे लागते, अशी त्याची ठाम समजूत झाली. प्रथम रोग्यांचे दात उपटले गेले, मग घशातील गाठी, आणि एवढ्याने गुण न आला तर मोठे आतडे. शेकडा पंच्याऐंशी रोगी बरे होतात असा त्याचा दावा होता. आतड्यावरील शस्त्रक्रियेत तिघांपैकी जवळजवळ एक रोगी दगावतो, हे त्याचे त्यानेच लिहून ठेवले होते, आणि तरी त्याचा हात थांबला नाही. १९२४–२५ साली फिलिस ग्रीनएकर या तरुण डॉक्टर बाईंकडे चौकशी सोपविण्यात आली. त्यांनी कागदपत्रे तपासून तो दावा पोकळ असल्याचे दाखवून दिले. पण ज्यांनी चौकशी सांगितली त्या वरिष्ठांनीच अहवाल बाहेर पडू दिला नाही. कॉटन १९३३ साली वारला, तोपर्यंत प्रतिष्ठितच होता. ज्यांची आतडी कापली गेली ते वेडे ठरविलेले लोक होते. त्यांचा नकार कोणी जमेस धरलाच नाही.

याच सुमारास कल्पनेचा पायाही ढासळत होता. बद्धकोष्ठाने डोके दुखते, मन सुस्तावते, हे खरे. पण शौचास होताच ते क्षणात थांबते. रक्तात विष भिनले असेल तर ते क्षणात कसे ओसरेल? हा मार्मिक प्रश्न वॉल्टर आल्व्हारेझ याने १९१९ साली विचारला. १९२२ साली डोनाल्डसनने निरोगी माणसांच्या गुदाशयात नुसता कापूस भरून तीच लक्षणे उत्पन्न करून दाखविली. कापसात विष कोठून आले? तेव्हा तो केवळ दाबाचा परिणाम होता. येल विद्यापीठातील रेटगर व चेपलिन यांनी १९२१ साली असेही दाखविले की, बल्गेरियाचा तो विख्यात जंतू मनुष्याच्या आतड्यात मुळी वस्तीच करीत नाही. एवढे झाल्यावर आतडे आणि मेंदू यांचा संबंध हा विषय सभ्य वैद्यकात उच्चारण्याची सोय राहिली नाही. त्या कल्पनेत खरे काय व खोटे काय याची निवड करीत कोणी बसले नाही. सारेच फेकले गेले. कॉटनच्या अपराधाचे हेही एक फळ म्हणावे लागेल.

फेकलेल्यातील खरे रत्न वेगळ्याच वाटेने हाती आले. सेंट पीटर्सबर्ग येथे पावलॉव्ह व त्याच्या सहकाऱ्यांनी १८९३ साली कुत्र्यांवर एक प्रयोग केला होता: आतड्याकडून येणारे रक्त यकृताला वगळून थेट मोठ्या शिरेत सोडले. अशा कुत्र्यांना मांस खाऊ घातले की ती झोकांड्या खात, त्यांना दिसेनासे होई, ती बेशुद्ध पडत. यकृत बिघडलेल्या माणसांतही असाच बुद्धिभ्रम होतो. १९५४ साली लंडनच्या शीला शेरलॉक आणि त्यांचे सहकारी यांनी या विकाराचे सविस्तर वर्णन केले. आणि पोटात देण्याच्या, रक्तात फारशा न मिसळणाऱ्या जंतुनाशक औषधांनी अशा रोग्यांची शुद्ध परत येते, हे त्या दशकात स्पष्ट झाले. औषध आतड्यातच राहते आणि गुण मेंदूला येतो! आतड्यातील जंतू प्रथिनांपासून अमोनिया तयार करतात, निरोगी यकृत तो निकामी करते, यकृत खचले की तो मेंदूपर्यंत पोहोचतो, ही यातली मुख्य गोष्ट. १९६६ पासून यावर लॅक्ट्युलोज नावाची एक साखर वापरतात. ती पचत नाही, मोठ्या आतड्यात जंतूच ती आंबवितात, त्यामुळे तेथे आम्लता येते आणि अमोनिया तेथेच अडकून मलावाटे निघून जातो. आज भ्रमिष्ट झालेल्या यकृतरोग्याला कोणत्याही रुग्णालयात हे औषध मिळते, आणि काही दिवसांत, कधी काही तासांत, तो आपल्या मुलांना नावाने हाक मारू लागतो. मोठे आतडे आंबट करून मेंदूचे विष टाळावे, हे मेचनिकॉफचे सूत्र येथे अक्षरशः फळाला आले. फक्त ते वार्धक्याबद्दल नव्हते.

वार्धक्याबद्दलचे काम या शतकातले आहे. त्याचे हत्यार म्हणजे जन्मापासून निर्जंतुक वातावरणात वाढविलेले उंदीर. जंतूंवाचून प्राणी जगूच शकणार नाही, अशी शंका पाश्चरला होती. मेचनिकॉफची पत्नी ओल्गा हिने १९०१ साली बेडकाची पिले निर्जंतुक वाढवून पाहिली, ती खुरटली. पुढे मात्र हे तंत्र साधले. जपानमधील सुदो आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखविले की, असे उंदीर कोंडले असता त्यांच्या अंगात भीतीची संप्रेरके वाजवीपेक्षा अधिक उसळतात. लहानपणीच त्यांना योग्य जंतू दिले तर हा दोष जातो. २०१५ साली जर्मनीतील संशोधकांनी याहून महत्त्वाची गोष्ट उजेडात आणली. मेंदूत त्याच्या स्वतःच्या भक्षक पेशी असतात. १९१९ साली स्पेनच्या रिओ ओर्तेगाने त्यांना ‘मायक्रोग्लिया’ हे नाव दिले. निर्जंतुक उंदरांच्या मेंदूतील या पेशी अर्धवट वाढलेल्या राहतात, आणि आतड्यातील जंतू जी आम्ले तयार करतात ती पाण्यातून दिली की त्या बऱ्याच अंशी सुधारतात. मेंदूतल्या शिपायांचे शिक्षण आतड्यात होते म्हणावयाचे! २०१६ साली, स्मृतिभ्रंशाच्या आरंभी याच पेशी मज्जापेशींमधील सांधे गिळतात, असेही उंदरांत आढळून आले. वृद्धांच्या मेंदूत मेचनिकॉफने पाहिलेल्या त्या ‘भक्षक’ आकृतींची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. तथापि त्याने पाहिले ते हेच, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. त्याच्या सूक्ष्मदर्शकाची शक्ती आणि त्याच्या कल्पनेची शक्ती यांत बरेच अंतर होते.

मनुष्याच्या बाबतीत काय? आयर्लंडमधील संशोधकांनी २०१२ साली १७८ वृद्धांची पाहणी प्रसिद्ध केली. घरी राहणाऱ्यांच्या आतड्यात जंतूंचे वैविध्य अधिक; दीर्घकाळ शुश्रूषागृहात असलेल्यांत ते कमी, आणि जेथे ते कमी तेथे दुर्बलता अधिक. पण शुश्रूषागृहातील अन्न एकसुरी असते, आणि माणूस दुबळा होतो म्हणूनच तो तेथे जातो. मग कारण कोणते आणि कार्य कोणते? कंपवाताचेही असेच. हात कापू लागण्याच्या कित्येक वर्षे आधी या रोग्यांना बद्धकोष्ठ जडलेले असते. २००३ साली ब्राक या जर्मन शास्त्रज्ञाने असे मत मांडले की, हा रोग काही जणांत आतड्यापासून सुरू होऊन व्हेगस नावाच्या मज्जातंतूच्या वाटेने मेंदूकडे चढतो. जठरव्रणासाठी हा मज्जातंतू पूर्णपणे छेदलेल्यांमध्ये पुढे कंपवाताचे प्रमाण कमी असल्याचे डेन्मार्कमधील २०१५ सालच्या एका पाहणीत दिसले. या विषयातील हा पुरावा आम्हांस अधिक बोलका वाटतो, कारण तो दुसऱ्याच हेतूने केलेल्या शस्त्रक्रियेतून, कोणाचीही बाजू न घेता, आपसूक निपजला आहे.

आणि उपाय? आयर्लंडमध्येच २०२१ साली तरुण उंदरांचे जंतू म्हाताऱ्या उंदरांच्या आतड्यात घातले, तेव्हा त्यांची शिकण्याची शक्ती काही बाबतींत सुधारली. उंदरांना वय असते, पण नातवंडांची नावे लक्षात ठेवावी लागत नाहीत. स्मृतिभ्रंशावर आतड्यातील जंतूंमार्फत काम करते असे सांगितलेल्या, समुद्रशैवालापासून काढलेल्या एका औषधाला चीनने २०१९ साली सशर्त मान्यता दिली. त्याची आंतरराष्ट्रीय चाचणी २०२२ साली मध्येच थांबविण्यात आली. कंपवाताच्या रोग्यांच्या आतड्यात निरोगी माणसाच्या मळातील जंतू घालण्याच्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. बेल्जियममधील चाचणीत वर्षअखेर हालचालींत थोडी सुधारणा दिसली. फिनलंडमधील चाचणीत ती दिसली नाही. दोन्ही ठिकाणी काही रोग्यांना खोटा उपचार देऊन तुलना केली होती, रोग्यांची संमती घेतली होती, आणि निष्कर्ष दडपला गेला नाही. ट्रेंटनमध्ये यांपैकी एकही गोष्ट नव्हती.

आमच्या घरी रात्री दूध विरजतात आणि सकाळी त्या दह्याची वाटी आमच्यापुढे येते. ती आम्ही संपवितो. मेचनिकॉफसाठी नव्हे, चवीसाठी.